लिफ्टकाकांची दुसरी गाठ

लिफ्टकाकांना त्यांच्या खऱ्या नावाने ओळखणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. घरात बायको ‘अहो’ म्हणे, मुलगी ‘बाबा’ म्हणे, आणि बाहेर चाळीस-बेचाळीस इमारतींतली लहानथोर माणसं ‘लिफ्टकाका’. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, दार मिटेना, लिफ्टची गाडी मजल्याच्या दोन बोटं वर थांबायला लागली, की यांना फोन. आले की ते हत्यारांची पिशवी लगेच उघडत नसत. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत जायचे, मोटरच्या अंगावर तळहात टेकवायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. इमारतीचा मॅनेजर घड्याळ बघत येरझारा घालायचा. एकदा एकाने चिडून विचारलंच, "काका, आशीर्वाद देताय की दुरुस्त करताय?"

काका म्हणाले, "विचारतोय. कुठं दुखतंय ते तिला विचारल्याशिवाय कसं कळायचं?"

यंत्रांची अशी विचारपूस करणाऱ्या या माणसाने घरातल्या माणसांना मात्र फारसं कधी काही विचारलं नाही. स्वभावाने वाईट नव्हते. आवाज चढवणं नाही, व्यसन नाही, आला-गेला म्हणाल तर त्याच्यासाठी स्वतःची खुर्ची सोडणार. पण घरातलं काहीही ठरवायचं झालं की ते मनातल्या मनात ठरायचं आणि मग एके दिवशी जेवताना जाहीर व्हायचं. बायकोने त्याला नाव ठेवलं होतं, आकाशवाणी. "झाली का आजची आकाशवाणी? मग भात वाढते," असं ती म्हणायची, आणि तिघंही हसायची. त्या हसण्यावारी बरंच काही निघून गेलं.

शेहेचाळिसाव्या वर्षी काकांच्या गळ्याखालच्या हाडाच्या वर एक गाठ आली. आधी अंगाला खाज सुटायची, रात्री घामाने उशी भिजायची, पट्ट्याला दोन नवी भोकं पाडावी लागली. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी नाव सांगितलं, हॉजकिन लिम्फोमा. लसग्रंथींचा कॅन्सर, पण बरा होणारा, असं सांगितलं. दर पंधरा दिवसांनी सलाईनमधून औषध, असं बारा वेळा.

बायको एका पाळणाघरात कामाला होती. वीस-बावीस तान्ह्या पोरांना टाकून तिला उठता यायचं नाही. म्हणून दवाखान्यात सोबत जायची ती मुलगी. वीस वर्षांची होती तेव्हा. सकाळी बापाचा हात धरून बसमध्ये चढवायची, औषध चालू असताना शेजारच्या स्टुलावर वही घेऊन बसायची आणि वॉर्डाचा नकाशा काढायची. कुठली खाट, कुठला दरवाजा, नर्स कुठल्या वाटेने किती फेऱ्या मारते. लहानपणापासून तिला हाच नाद. पाहुण्यांकडे जाऊन आली की त्यांच्या घराचा नकाशा काढून दाखवायची, आणि त्यात न्हाणीघराची खिडकीसुद्धा बरोबर जागेवर असायची.

सातव्या औषधानंतरची दुपार काकांना पुढे आयुष्यभर विसरता आली नाही. ते खाटेवर पडले होते, उशाशी बादली, तोंडात लोखंड चघळल्यासारखी चव. मुलगी हातात एक पाकीट घेऊन दारात उभी राहिली.

"बाबा, त्या नकाशाच्या कॉलेजचं पत्र आलंय. जागा मिळाली."

"अरे वा."

"पण मी नाही जात. तुमचं हे चाललंय. आई एकटी काय काय बघणार?"

कॉलेज दूरच्या शहरात होतं, दोन वर्षं राहायचं होतं. काकांच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की पुढच्या खेपेला बसमध्ये हात कोण धरणार. मग ते म्हणाले, "बरं."

एवढंच. मुलगी थोडा वेळ दारातच थांबली. मग तिने विचारलं, "पाणी देऊ?" आणि ती स्वयंपाकघरात गेली.

काका बरे झाले. केस परत आले, पट्टा जुन्या भोकावर आला, गच्च्यांवरच्या जिन्यांनी पाय पुन्हा ओळखले. मुलगी शहराच्या पाणीपुरवठा खात्यात लागली, जमिनीखालच्या नळांचे आराखडे काढायच्या कामावर. काम चोख करायची. "शहराच्या आतड्यांचं चित्र काढते मी," असं हसत सांगायची. काकाही हसायचे, पण ‘बरं’ हा शब्द त्यांना तेव्हापासून खड्यासारखा टोचायला लागला. कितीदा वाटलं, विषय काढावा, निदान एकदा म्हणावं की चुकलं माझं. पण ज्याला विचारायची सवय नाही त्याला चूक कबूल करायची तरी कुठून असणार? दिवसांमागून दिवस गेले. अकरा वर्षं.

अकराव्या वर्षी मुलीला दुसरं पत्र आलं. समुद्रकिनाऱ्याची मोजणी करणाऱ्या एका संस्थेने तिला दोन वर्षांसाठी घेतलं होतं. बोटीवरून खोली मोजायची, किनाऱ्यावरून खुणा घ्यायच्या, आणि त्यातून नवे नकाशे. गाव इतकं लांब की रेल्वेने एक दिवस आणि एक रात्र. त्या संध्याकाळी ती घरभर फिरत होती, एका जागी बसेना. एकतीस वर्षांची बाई, पण चेहरा वीस वर्षांचा झाला होता. काकांनी तिच्याकडे बघितलं आणि जांघेतली गाठ हाताने चाचपायचं टाळलं.

कारण गाठ आली होती. पाच आठवड्यांपूर्वी एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात उकिडवं बसून साफसफाई करताना त्यांना ती लागली होती. हरभऱ्याएवढी, न दुखणारी. न दुखणारी म्हणूनच त्यांनी ती पुन्हा चाचपून बघितली. पहिलीही दुखत नव्हती.

ते शेवटी बायकोशी बोलले, मुलगी बाहेर गेल्याचं बघून. बायकोने हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "दुष्काळात तेरावा महिना. आता परत ते सगळं?"

"तिला सांगायचं नाही."

"अहो, पण..."

"ह्या वेळी ती जाणार. मी तिचा एकदा रस्ता अडवला, आता नाही अडवायचा."

"मी खोटं बोलणार नाही हं," बायको म्हणाली. "गप्प बसेन. पण गप्प बसणं आणि खोटं बोलणं यात किती अंतर आहे ते तुम्हीच मोजा."

जुने डॉक्टर निवृत्त झाले होते. जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जुनी फाईल बघितली, गाठ बघितली, सुई घालून थोडं पाणी तपासायला पाठवलं आणि म्हणाले, "तोच परत आलेला दिसतोय. जास्त जोराची औषधं घ्यावी लागतील." काकांच्या डोळ्यांपुढे बादली आली. पण पूर्वी जिथं उपचार झाले त्या मोठ्या हॉस्पिटलमधली नवी डॉक्टरीण ऐकेना. ठेंगणी, केसांत पेन खोचून विसरणारी. सुईच्या तपासणीचा कागद तिने उलटसुलट वाचला आणि बाजूला सारला.

"यावरून काही ठरत नाही. पेशी संशयास्पद आहेत एवढंच कळतं, प्रकार कळत नाही. गाठ अख्खी काढून बघायला हवी."

"पण तोच परत आला असं..."

"तुम्ही काम काय करता?"

"लिफ्ट दुरुस्तीचं."

"एका इमारतीत लिफ्ट एकदा बंद पडली, तुम्ही नीट केली. दहा वर्षांनी परत बंद पडली. बिघाड तोच आहे असं धरून चालता का?"

काका पहिल्यांदाच हसले. "तसं धरून चालणाऱ्याला आम्ही ठोकळा म्हणतो. जुनाच पार्ट बदलतो आणि आठवड्याने परत फोन येतो."

"मग? मला ठोकळा व्हायचं नाही," डॉक्टरीण म्हणाली आणि तारीख लिहून दिली.

गाठ काढण्याचं ऑपरेशन छोटंसं, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. मुलीला काय सांगायचं? काकांनी सांगितलं, हर्निया. जागाही तीच पडत होती. मुलीचं निघणं तोंडावर आलं होतं, तरी दोन दिवस तिने त्यांना वाकू दिलं नाही. बुटांच्या नाड्या बांधल्या, पाण्याचा तांब्या हातात दिला. "आता वर्षभर जड उचलायचं नाही हं बाबा. मी नसेन बघायला," असं दम देऊन सांगितलं. काका मान डोलवत होते. बायको भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होती. एकच चादर तिने चारदा घडी केली.

तपासणीचा निकाल आला त्या दिवशी मुलीचं सामान बांधून दाराशी ठेवलेलं होतं. डॉक्टरीण म्हणाली, "जुना नाही. हा वेगळा आहे, फॉलिक्युलर म्हणतात. पहिला आणि हा, दोन्ही लिम्फोमाच, पण एका माळेचे मणी नाहीत. स्कॅनमध्ये ही एकच जागा दिसते आणि हाडाचा मगजही स्वच्छ आहे. म्हणजे अगदी पहिली पायरी. जुन्यासारखी औषधं नकोत. त्या जागेवर रेडिएशन, बारा बैठका."

"पहिल्या औषधांमुळे झाला का हा?"

"नक्की सांगता येणार नाही. काहींना असं दुसऱ्यांदा होतं. पण तुमचा लवकर सापडला, हे धरून ठेवा."

बारा बैठका, बादली नाही, खाट नाही. घरी येताना काकांना इतकं हलकं वाटत होतं की क्षणभर तोंडापर्यंत आलं. मुलगी पिशवीची चेन ओढत होती, ती अडकली होती. आता सांगितलं तर? पण सांगितलं आणि तिने पिशवी खाली ठेवली तर? त्यांनी खाली बसून चेन सोडवून दिली आणि तिला स्टेशनवर सोडून आले.

रेडिएशन तीन आठवड्यांनी सुरू झालं. रोज सकाळी काका बसने जायचे, टेबलावर निजायचे, यंत्र अंगावरून फिरून जायचं, दहा मिनिटांत बाहेर. तिथला तंत्रज्ञ त्यांना ‘इंजिनियरसाहेब’ म्हणायचा, कारण काका रोज यंत्राविषयी एक प्रश्न विचारायचे. घरी मुलीचा संध्याकाळी फोन यायचा. बोटीवर उलट्या कशा झाल्या, मग सवय कशी झाली, एका खडकाला कुठल्याच जुन्या नकाशात जागा नव्हती ती आम्ही दिली. काका विचारायचे, "पाणी किती खोल आहे तिथं?" आणि ती सांगायची. गुपित पाळणं इतकं सोपं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

सहाव्या बैठकीनंतर यंत्र बिघडलं. दोन दिवस बंद. हॉस्पिटलने सगळ्या पेशंटना मोबाईलवर निरोप पाठवले की सातवी बैठक अमुक दिवशी, अमुक वाजता. काकांना निरोप काही आला नाही. त्यांनी स्वतः फोन करून वेळ विचारून घेतली. निरोप गेला होता तो फाईलवर लिहिलेल्या नंबरावर, आणि फाईल अकरा वर्षांपूर्वी मुलीने भरली होती, स्वतःचा नंबर घालून.

सातव्या बैठकीला काका आतून पट्टा लावत बाहेर आले तर बाकावर मुलगी. पायात वाळूचे बूट, चेहरा उन्हाने काळवंडलेला, मांडीवर पिशवी. एक दिवस आणि एक रात्र गाडीत बसून आली होती. शेजारची म्हातारी तिला आपल्या बाटलीतलं पाणी पी म्हणून आग्रह करत होती, आणि ती नको नको म्हणत होती.

काका म्हणाले, "अगं, तू कशी..."

"बसा," ती म्हणाली.

ते बसले. म्हातारी शहाणी होती, उठून पलीकडे गेली.

"हर्निया," मुलगी म्हणाली.

"काळजीचं काही नाही गं. अगदी पहिली पायरी. पाच बैठका राहिल्यात. तू जावंस म्हणून..."

"मी जावं म्हणून." तिने ते शब्द हळू, तपासून बघितल्यासारखे म्हटले. "बाबा, मला सांगितलं असतंत तर मी काय केलं असतं, ठाऊक आहे?"

"राहिली असतीस."

"दोन महिने उशिरा रुजू झाले असते. त्यांनी तसं मला स्वतःहून विचारलं होतं, घरचं काही आवरायचं असेल तर दोन महिने घ्या म्हणून. मी म्हटलं, घरी काही नाही. दोन महिने, बस्स. मी तुमच्याबरोबर इथं बसले असते आणि मग गेले असते. आता मोजणी ऐन भरात असताना, न सांगता, बोट सोडून आलेय. निरोपात फक्त रेडिएशन आणि सातवी बैठक एवढंच होतं. आईला फोन केला तर ती नुसती रडली. मला काय वाटलं असेल रात्रभर गाडीत?"

काका म्हणाले, "मला वाटलं, गेल्या वेळेसारखं तू परत सगळं सोडशील. तेव्हा मी नुसतं बरं म्हटलं गं. ते मला अजून..."

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. राग होता त्याहून दमणूक जास्त होती तिच्या चेहऱ्यावर.

"तेव्हा मी ‘नाही जात’ म्हटलं ना, ते तुम्ही ‘जा’ म्हणावं म्हणून म्हटलं होतं. आत्या यायला तयार होती. मी तिच्याशी बोलून ठेवलं होतं. दारात उभी होते, तुम्ही विचाराल म्हणून. की मग आमचं कसं करायचं, तुझं काय म्हणणं आहे. काहीतरी विचाराल." तिने पिशवी बाजूला सारली. "तेव्हा विचारलं नाहीत, आता सांगितलं नाहीत. दोन्ही वेळेला तुमचं तुम्हीच ठरवलंत, बाबा. माझ्या भल्यासाठीच. पण माझं भलं काय ते मला कधी कुणी विचारलंच नाही."

पुढचा पेशंट आत गेला, रेडिएशनच्या खोलीवरचा दिवा लाल झाला. आत्याची गोष्ट काकांना आजवर ठाऊक नव्हती. बहीण त्यांची सख्खी, चार वर्षांपूर्वी वारली, आणि तिनेही कधी शब्दाने सांगितलं नव्हतं.

"माझं चुकलं," ते म्हणाले. अकरा वर्षं घोळवलेलं वाक्य इतकं तोकडं निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"हो," मुलगी म्हणाली. मग तिने त्यांचा कोट उचलला, बाही पुढे केली, आणि ती दोघं बसस्टॉपकडे चालायला लागली. बस आली तेव्हा तिने सवयीने हात पुढे केला, आणि काकांनी तो धरला, गरज नसताना.

उरलेल्या पाच बैठकांना ती सोबत होती. बाहेर बाकावर बसायची, पण या वेळी वही नव्हती. बायकोने घरी दोघांचं काहीतरी जुळावं म्हणून नाना तऱ्हा केल्या. जेवताना मुद्दाम म्हणाली, "चला, आज आकाशवाणी नाही का?" कुणी हसलं नाही. काका नुसते म्हणाले, "नाही. बंद केली." नंतर स्वयंपाकघरात ती त्यांना म्हणाली, "लिफ्टच्या मोटरला विचारता, पोरीला विचारायला जिभेला काय झालं होतं?" आणि लगेच त्यांच्या पाठीवर हात ठेवला, कारण उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. ते घाबरले होते.

बारावी बैठक संपली आणि मुलगी परत गेली. संस्थेने तिला काढलं नाही, पण बोटीवर तिच्या जागी दुसरं कुणी चढलं होतं. हंगाम संपेपर्यंत तिला कार्यालयात आकडे तपासायला बसवलं. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. पुढच्या वर्षी मोजणीला पैसेच मंजूर झाले नाहीत, बोट दुसऱ्या कामाला गेली. दोन वर्षांत समुद्र तिच्या वाट्याला आला तो जेमतेम महिनाभर.

काकांचा स्कॅन स्वच्छ निघाला. डॉक्टरीण म्हणाली, "ही जागा तर साफ झाली. पण हा प्रकार जरा चिवट असतो, वर्षांनी कुठं दुसरीकडे डोकं वर काढू शकतो. दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं." काका दाखवतात. खड्ड्यात उतरायचं त्यांनी सोडलं, आता फोनवर सल्ला देतात आणि फार अडलं तरच जातात. तपासणीचा प्रत्येक कागद हातात पडला की ते दवाखान्याच्या पायरीवर बसूनच मुलीला फोन लावतात आणि पहिल्या ओळीपासून वाचून दाखवतात. समजत नाहीत ते शब्दसुद्धा अक्षर लावून वाचतात. मुलगी शेवटपर्यंत ऐकते. "बरोबर. सगळं ठीक आहे," म्हणते. मग तिला काम असतं. काकांना वाटतं, तिने आणखी काही विचारावं, खडकाबद्दल सांगावं, किंवा भांडावं तरी. ते स्वतः विचारतात, "तुझं कसं चाललंय?" आणि ती म्हणते, "चाललंय."

यंदा तिने घरी एक गुंडाळी पाठवली. त्या किनाऱ्याचा छापील नकाशा. काकांनी तो जेवणाच्या टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या, आणि दोघं नवराबायको वाकून बघत बसली. निळ्या पाण्यात बारीक बारीक आकडे, खोलीचे. तो खडकही सापडला, एक छोटंसं चांदणीसारखं चिन्ह. मग काकांनी भिंग आणलं आणि उजव्या कोपऱ्यात खाली, जिथं मोजणी करणाऱ्यांची नावं होती, तिथं बोट फिरवायला सुरुवात केली. सहा नावं होती. त्यांनी दोनदा वाचली.

संध्याकाळी फोनवर ते म्हणाले, "नकाशा फार सुरेख आहे गं. पण नावांत तू..."

"मोजणी पुरी झाली तेव्हा मी बोटीवर नव्हते ना, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिने ते अगदी सहज सांगितलं, आणि आई कुठे आहे म्हणून विचारलं.

काकांनी फोन बायकोच्या हातात दिला.